गावचे वाचनालय, शंभर वर्षे आणि मोडीतली कीर्द

पत्र (संक्षेपाने): मी पुण्यात कोथरूडला राहते आणि नोकरी करते. आमचे मूळ गाव भोर तालुक्यात आहे. तेथील सार्वजनिक वाचनालयाला शंभर वर्षे झाली असून शताब्दी समितीने स्मरणिकेसाठी वाचनालयाचा आणि गावाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. हाताशी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात काही वह्या, पावतीपुस्तके आणि सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आहे, आणि दोन वह्या मोडी लिपीत आहेत. कोनशिलेवर ‘माघ शके १८४७’ असे कोरलेले आहे. जुन्या स्मरणिकेत स्थापना १९२५ सालची दिली आहे, समिती १९२६ म्हणते. इनामदारांनी जागा दान देऊन वाचनालय काढले आणि लोकल बोर्डाने (जिल्हा परिषदेच्या आधीच्या स्थानिक संस्थेने) पहिल्याच वर्षी अनुदान दिले, असे गावात सगळे सांगतात. मात्र एका ऐंशी वर्षांच्या आजोबांनी मला सांगितले की त्यांच्या वडिलांना वाचनालयात आत बसू देत नसत, बाहेरच्या ओट्यावर बसवून वर्तमानपत्र वाचून दाखवत. समितीतले एक काका म्हणतात की हे छापू नये. मी सुरुवात पेशवे दफ्तरापासून, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदपत्रांपासून, करू का? मोडी वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, कोथरूड

स. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी मी तुम्ही पाठवलेले पान वाचले, आणि उत्तराची सुरुवातही तेथूनच करते. हे कीर्दीचे पान आहे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाचे. माथ्यावर ‘श्री’ आहे, त्याखाली माघ वद्य पक्षातली तिथी आहे, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च. खर्चाच्या बाजूस बत्तीचे तेल, चटया नग २, कंदील नग २, दौत व शाई, ‘ज्ञानप्रकाश’ची वर्गणी आणि सर्वांत खाली ‘खोलीचे भाडे माहे माघ’ असे लिहून पुढे १॥ असा आकडा आहे. एकापुढच्या त्या दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे. म्हणून भाडे झाले दीड रुपया. जुन्या हिशेबात उभी रेघ पावलीची, म्हणजे चार आण्यांची, आणि आडवी रेघ एका आण्याची, एवढे लक्षात ठेवलेत की वहीतल्या निम्म्या रकमा तुम्हाला मोडी न येताही वाचता येतील. जमेच्या बाजूस पहिली नोंद ‘गणपती उत्सव शिल्लक’ अशी आहे आणि तिच्याखाली सहा जणांची वर्गणी आहे. त्यांपैकी एका नावापुढे रक्कम नाही; तेथे ‘तेल, वर्गणीबद्दल’ एवढेच शब्द आहेत.

या एका पानाने तुमच्या गावातल्या सर्वमान्य गोष्टीला दोन ठिकाणी धक्का बसतो. पहिल्या महिन्यात वाचनालय भाड्याच्या खोलीत होते. आणि ते उभे राहिले ते गणेशोत्सवातून उरलेल्या पैशांवर व सहा जणांच्या वर्गणीवर, ज्यांतला एक जण पैसे देऊ शकत नव्हता म्हणून दिव्याचे तेल देत होता. इनामदारांनी पुढे जागा दिली असेल, नव्हे, बहुधा दिलीही असेल, आणि त्यांचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. पण जागा देणे आणि संस्था काढणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या असण्याचा संभव आहे. जागेची खरी हकिकत कागदावर सापडेल. वाचनालय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असेल तर पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात त्याची नोंद आहे. परिशिष्ट १ मध्ये स्थावर मिळकत लिहिलेली असते आणि विश्वस्त बदलले की दाखल होणारे बदल अर्जही त्याच फायलीत असतात. इमारत गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि त्यामागचे फेरफार काढा. बक्षीसपत्र झाले असेल तर दुय्यम निबंधकाकडे त्याची नक्कल मिळू शकते. कार्यालयात आधी स्वतः जाऊन नीट विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज नंतर करता येतो आणि समोरासमोर बोलल्याने पुष्कळदा त्याची गरजही पडत नाही.

मला तुम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की संस्थेचा इतिहास शोधताना स्मरणिका आणि अहवाल सर्वांत शेवटी वाचा, आणि कीर्द, खतावणी (खातेवार हिशेबाची वही), सभासद नोंदवही, प्रोसिडिंग बुक (सभांचे इतिवृत्त) व पावतीपुस्तके सर्वांत आधी वाचा. स्मरणिका पन्नास वर्षांनी, आनंदाच्या प्रसंगी, हयात माणसांची मने राखून लिहिलेली असते. कीर्द लिहिणाऱ्याला मात्र संध्याकाळी शिल्लक जुळवायची असते आणि त्यासाठी तेलाच्या दोन आण्यांबद्दलही त्याला खरे लिहावे लागते. तेलाच्या नोंदी महिन्यावार मांडल्यात तर वाचनालय रात्री किती महिने उघडे राहत होते हे तुम्हाला कळेल. पावसाळ्यात तेल वाढते की कमी होते, सुगीच्या दिवसांत ते अजिबात येत नाही का, वर्तमानपत्रांची वर्गणी कोणत्या वर्षी थांबली, कोणत्या वर्षी सुतार लावला, कपाटाला कुलूप कधी आले, हे सगळे तेथे आहे. कुलूप आले म्हणजे पुस्तके जाऊ लागली होती.

आता सालाबद्दल. १९२५ आणि १९२६ हा वाद कोनशिलाच मिटवते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा नियम आपण शाळेत शिकतो, आणि जुन्या स्मरणिकेच्या संपादकांनी तोच लावून १९२५ काढलेले दिसते. परंतु शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. शके १८४७ चा माघ हा जानेवारी-फेब्रुवारी १९२६ मध्ये येतो. समिती बरोबर आहे. अचूक तारीख हवी असेल तर जंत्री (तिथी आणि तारखांचे कोष्टक) पाहा आणि तिथीबरोबर वारही जुळतो का ते तपासा. वार जुळला तरच तारीख पक्की समजा.

तरीही ‘स्थापना’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. पुण्यातले डेक्कन कॉलेज आपला आरंभ १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपासून मोजते; १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव आले, १९३४ मध्ये कॉलेज बंद पडले आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. यांतली प्रत्येक तारीख खरी आहे. तुमच्या वाचनालयाबाबतही पहिली वर्गणी, पहिले भाडे, पहिली सभा, कोनशिला आणि नोंदणी अशा निरनिराळ्या तारखा निघतील. त्या सगळ्या द्या आणि शताब्दी कोणत्या तारखेची साजरी होते आहे हे स्पष्ट लिहा. नावाचेही तसेच असते. १८४८ मध्ये ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालेली संस्था आज आपण पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखतो, भवानी पेठ जुन्या कागदांत बोरबन पेठ म्हणून येते आणि गुरुवार पेठ वेताळ पेठ म्हणून. तुमच्या वाचनालयाचे पहिले नाव काय होते ते कीर्दीच्या पहिल्या पानावर किंवा रबरी शिक्क्यावर पाहा. जुन्या पुस्तकांच्या आतल्या पानांवर शिक्के उमटलेले असतात. कपाटातील सर्वांत जुनी वीस पुस्तके काढून त्यांचे शिक्के पाहण्यात एक दुपार घालवलीत तर ती वाया जाणार नाही.

लोकल बोर्डाच्या अनुदानाची गोष्ट मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुमचे गाव भोर तालुक्यात आहे. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते आणि ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. तुमचे गाव संस्थानाच्या हद्दीत असेल तर १९२६ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डाचा तेथे काही संबंध नव्हता, आणि बोर्डाची दफ्तरे तुम्ही कितीही चाळलीत तरी तुमच्या गावाचे नाव त्यांत सापडणार नाही. अनुदान मिळालेच असेल तर ते संस्थानाकडून मिळाले असेल, किंवा विलीनीकरणानंतर मिळाले असेल आणि सांगताना मागे ओढले गेले असेल. आठवणीत असे नेहमी होते. म्हणून कोणत्याही प्रदेशाच्या इतिहासाला हात घालताना पहिला प्रश्न हा विचारावा की त्या साली हे गाव कोणाच्या अमलाखाली होते, कारण कागद अंमल करणाऱ्याच्या दफ्तरात जातो. तुमचे गाव संस्थानात असेल तर ही साखळी अशी आहे: १९४८ पर्यंत भोर संस्थान, नंतर पुणे जिल्हा, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाल्यानंतर वाचनालयाचा दर्जा व अनुदान यांची फाईल जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात. या शेवटच्या फायलीकडे दुर्लक्ष करू नका. दर्जासाठी अर्ज करताना संस्थेला आपला पूर्वेतिहास, सभासदसंख्या आणि ग्रंथसंख्या लिहून द्यावी लागते, आणि त्या वेळी हयात असलेल्या जुन्या कार्यवाहांनी लिहिलेला तो मजकूर तुमच्या ट्रंकेत नसला तरी तेथे असू शकतो.

संस्थानकाळासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे खंड पाहा. तो १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. पण भोर ही तेव्हा साताऱ्याच्या जहागिऱ्यांपैकी एक गणली जात असल्यामुळे सातारा खंडही उघडा. संस्थानांचे वार्षिक प्रशासन अहवाल छापले जात. भोरचे अहवाल पुण्यात कोठे मिळतात याची चौकशी भारत इतिहास संशोधक मंडळात, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात आणि पुणे पुराभिलेखागारात करा. त्यात तुमच्या वाचनालयावर एक ओळ जरी निघाली, तरी ती ओळ बाहेरच्या माणसाने त्याच वर्षी लिहिलेली असल्यामुळे तिचे वजन मोठे असेल. १९२६ च्या ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’च्या अंकांत गावोगावच्या बातम्या येत असत. माघ-फाल्गुनाचे अंक आधी पाहा, कारण उद्घाटनाला कोणी बाहेरचा पाहुणा आला असेल तर बातमी त्याच्यामुळे छापली गेली असेल.

पेशवे दफ्तराबद्दल तुमचा उत्साह मला समजतो. कौन्सिल हॉलजवळच्या त्या दगडी इमारतीत पाऊल टाकले की रुमालात बांधलेल्या दफ्तरांच्या रांगा पाहून कोणाचेही मन भरून येते. परंतु तेथे तुमच्या वाचनालयाचा कागद नाही. गावाचे जुने वतन, इनाम, देवस्थानचे उत्पन्न, पाटीलकीचे तंटे यांसाठी तेथे जरूर जावे, पण ते दुसरे काम आहे आणि त्याला महिने नव्हे, वर्षे लागतात. तेथे जाण्याआधी गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सूचीसह चाळा. गावाचे किंवा खोऱ्याचे नाव त्यांत आले आहे का ते पाहा. मावळातली बरीच खोरी जुन्या कागदांत ‘तर्फ’, म्हणजे महसुली विभाग, म्हणून येतात आणि गावाची आजची नावे व लेखन तेव्हाच्यापेक्षा वेगळे असते, हे सूची पाहताना विसरू नका. त्या काळाचे कागद हाती आलेच, तर सालगणनेची आणखी एक पायरी चढावी लागेल. सुहूर सन, म्हणजे त्या कागदांतली वर्षगणना, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७८. त्यात ५९९ मिळवले की १७७७ येते, आणि हे वर्ष जूनमध्ये, मृगाच्या सुमारास सुरू होते. तारखेआधीचे ‘छ’ हे अक्षर चंद्रासाठी असते. हे सर्व शिकता येते, पण स्मरणिका छापखान्यात जाण्याआधी नाही.

मोडी मात्र आत्ताच शिका. मंडळात आणि पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग चालतात आणि नोकरी सांभाळून येणारे पुष्कळ जण तेथे भेटतात. तुमच्यापाशी असलेली वही शिकण्यासाठी उत्तम आहे, कारण कीर्दीत तेच तेच शब्द दर महिन्याला येतात. ‘भाडे’, ‘तेल’, ‘वर्गणी’, ‘शिल्लक’ एकदा ओळखू लागलात की बाकीची अक्षरे त्यांच्या आधाराने उलगडतात. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेषा ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे जोडत जातात. ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात. सुरुवातीला भिंत वाटते. विसाव्या शतकातली हिशेबी मोडी पेशवाईतल्या घाईच्या मोडीपेक्षा पुष्कळ सोपी असते आणि तुमच्या कारकुनाचे अक्षर तर फारच सुबक आहे. कोण होते ते गृहस्थ? पानावर सही नाही. वहीच्या शेवटी किंवा ताळेबंदाखाली नाव मिळेल, ते शोधा. संस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव नसेल, पण ज्या माणसाने वर्षानुवर्षे बिनपगारी हिशेब ठेवला त्याच्यावाचून तुम्हाला हा इतिहास लिहिताच आला नसता.

माणसांशी बोलताना ‘वाचनालय कधी सुरू झाले’ असे विचारू नका. त्याचे उत्तर जुन्या स्मरणिकेतले येईल. हातात एखादी वस्तू घेऊन जा, जुना फोटो, शिक्क्याचे पुस्तक, पावती, आणि काळ ठरवण्यासाठी सर्वांच्या लक्षात राहिलेल्या घटना वापरा. १९४८ च्या आधी की नंतर, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा तुम्ही कोणत्या वर्गात होता, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा इमारतीला तडा गेला का, बहात्तरच्या दुष्काळात वाचनालय चालू होते का. १९४८ चा प्रश्न विचारताना जपून विचारा. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांत वाडे जळाले आणि वाड्यांबरोबर कागदही गेले. तुमच्या ट्रंकेत काही वर्षांच्या वह्या नसतील तर त्याचे कारण कदाचित हेच असेल, कदाचित वाळवीही असेल. भाटघरला १९२० च्या दशकात नवे उंच धरण झाले, त्यात जुनी जागा गेली का हेही विचारा. कोनशिला आज आहे त्या भिंतीतच आधीपासून होती, असे गृहीत धरू नका.

आता आजोबांच्या बोलण्याविषयी. तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे आणि काकांच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. हे छापले पाहिजे. ‘सार्वजनिक’ हे विशेषण ज्या संस्थेच्या नावात आहे तिच्या इतिहासात, ती कोणासाठी सार्वजनिक होती आणि कधीपासून, हा प्रश्न केंद्रस्थानी असायला हवा. हा काळच तसा होता. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सरकारी खर्चाची पाणवठे, धर्मशाळा, शाळा यांसारखी सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत असे ठरवले. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. १९२९ मध्ये पुण्यातच पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. तो ठराव संस्थानावर बंधनकारक नव्हता, म्हणून तो झाला एवढ्यावरून तुमच्या गावाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण आजोबांचे वडील ज्या वर्षांत त्या ओट्यावर बसत असतील, ती ही वर्षे आहेत.

छापायचे म्हणजे कसे, हे महत्त्वाचे आहे. आजोबांकडे परत जा, त्यांच्या परवानगीने बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि त्यांनी हे स्वतः पाहिले की वडिलांकडून ऐकले, वडिलांनी ते केव्हा व कोणत्या प्रसंगी सांगितले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. एक प्रश्न विसरू नका: ओट्यावर वाचून कोण दाखवत असे? त्या माणसाचे नाव मिळाले तर तुमच्या इतिहासाला आणखी एक बाजू मिळेल. त्या वस्तीतील इतर घरांतही जा, केवळ याच एका प्रश्नासाठी नव्हे तर वाचनालयाच्या सबंध आठवणींसाठी जा, कारण पुढे तेथील मुले आत जाऊन वाचू लागली असतील आणि तेही सांगितले गेले पाहिजे. मग सभासद नोंदवही घ्या आणि त्या घरांतले पहिले नाव कोणत्या तारखेला येते ते पाहा. प्रोसिडिंग बुकात प्रवेशाबद्दल ठराव आहे का ते पाहा. नोंदवही सलग असेल तरच नाव नसण्याला अर्थ आहे. मधली पाने गहाळ असतील तर तेही लिहा. तुमच्या पानावर ‘कंदील नग २’ अशी नोंद आहे. ती वाचताना मला वाटून गेले की एक कंदील आत आणि एक ओट्यावर असेल. पण असे लिहिता येणार नाही. दोन कंदिलांना दहा कारणे असू शकतात, आणि आपल्याला जे सिद्ध व्हावेसे वाटते त्याच्या बाजूने पुरावा ओढणे हे काकांच्या गप्प बसण्याइतकेच चुकीचे ठरेल.

काकांशी भांडू नका. त्यांना भीती वाटते ती गावात वाद होण्याची आणि ती भीती खोटी नाही. त्यांना सांगा की कोणत्याही हयात घराण्यावर आरोप होईल अशी नावे या प्रसंगात येणार नाहीत, आजोबांची साक्ष साक्ष म्हणूनच येईल, कागदात जे मिळाले ते कागद म्हणून येईल, आणि छापण्यापूर्वी तो मजकूर आजोबांना व त्या वस्तीतील लोकांना वाचून दाखवला जाईल. त्यांचा आक्षेप असेल तर तो ऐकावा लागेल; काकांच्या आक्षेपापेक्षा त्यांचा शब्द येथे मोठा आहे. एवढे करूनही समितीने तो भाग गाळायचा ठरवला तर लेखावर तुमचे नाव घालू देऊ नका, आणि पूर्ण लेख, ध्वनिमुद्रणासह, पुण्यात एखाद्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जमा करा. मंडळाचे त्रैमासिक आहे, तेथेही तो पाठवून पाहता येईल.

टिपणे कशी ठेवायची हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका जुन्या तालमीच्या वह्या पाहिल्या होत्या आणि त्यातला सुंदर मजकूर उतरवून घेतला होता, पण कोणती वही, कोणते पान, हे लिहिले नाही. पुढे तालमीच्या नव्या बांधकामात त्या वह्या रद्दीत गेल्या. तो मजकूर आजही माझ्याकडे आहे, पण तो कोठून घेतला हे दाखवता येत नसल्यामुळे मी तो कधीच छापू शकले नाही. तुम्ही प्रत्येक टिपणावर वहीचे नाव, पान, तिथी आणि तुम्ही पाहिल्याची तारीख लिहा. आठवण आणि नोंद यांसाठी दोन वेगळ्या रंगांची कार्डे ठेवा, म्हणजे लिहिताना एकीचा दुसरीत घोळ होणार नाही. स्मरणिकेत तळटिपा नकोत असे समिती म्हणेल. लेखाच्या आतच ‘१९२६ च्या कीर्दीत अशी नोंद आहे’ असे लिहिलेत तरी काम भागते.

शेवटी ट्रंक. तुम्ही लिहिले नाही, पण शताब्दी आहे म्हणजे रंगकाम होणार आणि रंगकाम म्हणजे जुने सामान बाहेर. येत्या रविवारी गावी जा आणि कार्यवाहांच्या समोर एकेक वस्तू मोजून यादी करा: कीर्द मोडी २, पावतीपुस्तके अमुक, सुटे कागद अमुक. त्या यादीवर दोघांच्या सह्या करा, एक प्रत त्यांना द्या आणि ट्रंक तेवढ्यापुरती पुण्याला आणा. वह्यांची पाने, कोरी पानेसुद्धा, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने टिपा. मोबाइलचा कॅमेरा पुरे आहे, फक्त फ्लॅश नको आणि पानाच्या चारही कडा फोटोत आल्या पाहिजेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, कसर लागली म्हणून कडक उन्हात पसरू नका. मऊ ब्रशने झाडून धुतलेल्या मांजरपाटात बांधून ठेवा. टाचण्या गंजल्या असतील तर ओढून काढू नका, कागद फाटतो; टाचणी सावकाश सरळ केली की निघते. मोडी वहीचे पुढचे पान, म्हणजे फाल्गुनाचे, मला पाठवा. खोलीचे भाडे त्या महिन्यातही कोणाला दिले हे मला पाहायचे आहे. पहिल्या पानावर ते नाव घडीवर आले आहे आणि फोटोत वाचता येत नाही.